सुभाषिताचा ऐकणारा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात दिसते आहे. तिच्यावर माझा विषय 'भतृहरीची सुभाषिते : प्रेम, मैत्री आणि जगण्याची कला' असा छापला आहे. 'भर्तृहरी'तला रफार छापताना कुठेतरी गळला. मी छत्तीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासली; नेमक्या माझ्याच व्याख्यानाच्या पत्रिकेचे प्रूफ तेवढे मला कोणी दाखवले नाही. तक्रार करत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते सर आज असते, तर पत्रिकेकडे बघून म्हणाले असते, "अरे, त्या बिचाऱ्याच्या नावावर लोकांनी शेकड्यांनी श्लोक चढवले. एक रफार उतरवला तर काय बिघडलं?"

सरांचे हे म्हणणे विनोदाचे नव्हते. ते शब्दशः खरे आहे, आणि आजचे माझे निम्मे व्याख्यान तेवढ्यावरच आहे.

आधी 'जगण्याची कला' या शब्दांविषयी. ते माझे नाहीत, पत्रिकेचे आहेत. ती कला मला येत असती तर उतारवयात गुडघेदुखी घेऊन तुमच्यासमोर उभा राहिलो नसतो, घरी पाय पसरून बसलो असतो. मी संस्कृतचा विद्वानही नाही. सरांच्या ओट्यावर चार इयत्ता बसलो, पुढे पोटासाठी खिळ्यांच्या जगात गेलो. दुसऱ्याचा मजकूर अक्षर अक्षर वाचायचा आणि आपले मत द्यायचे नाही, ही माझी नोकरी. आज मत द्यायला बोलावले आहे, तर संधी साधून घेतो.

आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि त्यावर एखादे वचन येऊन पडते. मैत्री कशी असावी, प्रेम म्हणजे काय, माणसाने कसे जगावे. खाली नाव असते. कधी व. पु. काळे, कधी पु. ल. देशपांडे. पु. ल. २००० साली गेले. व्हॉट्सअ‍ॅप आले २००९ साली. मधल्या काळात त्यांनी वरूनच लिहून धाडले म्हणावे, तर इतके आणि इतके गुळगुळीत पु. ल. लिहिणार नाहीत. पण आपण ते पुढे ढकलतो, कारण नावाशिवाय वचनाला वजन येत नाही. आईने सांगितलेली गोष्ट आपण ऐकली नसती, तीच पु. लं.च्या नावाने आली की सातजणांना पाठवतो.

ही खोड फोनने लावलेली नाही. संस्कृतात बेवारशी श्लोकाला आधार द्यायला दोन-तीन भक्कम खुंट्या होत्या. धूर्तपणाचा श्लोक असला की टांगा चाणक्याच्या खुंटीला. शहाणपणाचा, प्रेमाचा, विरक्तीचा असला की भर्तृहरीच्या.

हा भर्तृहरी कोण? शाळेतल्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात : नीतिशतक, शृंगारशतक, वैराग्यशतक लिहिणारा कवी. वामन पंडितांनी, म्हणजे आपल्या 'यमक्या वामना'ने, सतराव्या शतकात त्याचे श्लोक मराठीत आणले. वाळूतून तेल काढण्याचा जो श्लोक आपल्या आजोबांना पाठ होता, तो मूळचा इकडचा. आता माणसाबद्दल विचाराल, तर हाताशी गोष्टींखेरीज काही लागत नाही. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू सातव्या शतकात भारतात येऊन राहिला. त्याने भर्तृहरी नावाच्या एका वैयाकरणाची हकिकत लिहून ठेवली आहे. हा गृहस्थ सात वेळा भिक्षू झाला आणि सात वेळा संसारात परतला. एकदा तर मठात शिरतानाच शिष्याला बाहेर गाडी जुंपून तयार ठेवायला सांगितले, मन फिरले तर पायपीट नको. हा वैयाकरण आणि आपला कवी एकच, असे आज फारसे कोणी ठामपणे म्हणत नाही. तरीही गोष्ट कवीलाच जाऊन चिकटली. शृंगार आणि वैराग्य दोन्ही एकाच माणसाने लिहिले म्हटल्यावर त्याची गाडी मठाबाहेर उभी असणारच, असे लोकांना वाटले असावे.

दुसरी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उज्जयिनीचा राजा भर्तृहरी, विक्रमाचा भाऊ. त्याला अमरफळ मिळते. ते तो लाडक्या राणीला देतो. राणी ते आपल्या प्रियकराला देते, प्रियकर त्याच्या आवडत्या गणिकेला, आणि गणिका पुन्हा राजाला आणून देते, कारण एवढे मोलाचे फळ राजानेच खावे. राजाचे डोळे उघडतात, तो राज्य टाकून जातो. मी जिला मनात बाळगतो ती दुसऱ्याच्या मागे, तो तिसरीच्या मागे, आणि चौथीच कोणी माझ्यासाठी झुरते, अशा आशयाचा एक प्रसिद्ध श्लोक आहे. ही सगळी कथा त्या एका श्लोकाला हातपाय फुटून झालेली. श्लोक मुळात या कवीचा होता, की कथेच्या सोयीसाठी मागाहून आत आला, अशी शंका अभ्यासकांना आहे.

पण आपल्या मराठी घरांत गोष्ट अशी नाही! 'नवनाथ भक्तिसार' ही १८१९ साली रचलेली मालूची पोथी श्रावणात ज्यांच्या घरी लागते, त्यांनी आठवून पाहावे. तिथला भर्तरी नऊ नाथांपैकी एक. त्याची राणी पिंगला पतिव्रता आहे. फसवतो तो राजा. शिकारीला गेल्यावर, बघू या बायको काय करते, म्हणून रक्ताने माखलेली आपली वस्त्रे घरी पाठवतो. ती खरे मानून सती जाते. मग हा स्मशानात बसून वर्षानुवर्षे 'पिंगला, पिंगला' करत राहतो. गोरक्षनाथ तिथे येतात, हातातले मडके पाडून फोडतात आणि त्याच्याशेजारी बसून मडक्यासाठी गळा काढतात. राजा म्हणतो, मडके काय, दुसरे मिळेल. पुढचे तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या कथेत बाईने दगा दिला म्हणून पुरुष विरक्त झाला. आपल्या पोथीत पुरुषाने संशय घेतला आणि बाई जिवानिशी गेली. श्लोक तेच. फळाच्या कथेनंतर बायकांवरचे जहरी श्लोक वाचले, तर 'बरोबर आहे बिचाऱ्याचे' असे वाटते. मडक्याच्या कथेनंतर तेच श्लोक वाचले, तर अपराधी माणूस बडबडतो आहे असे वाटते. मला विचाराल तर मी मडक्याच्या बाजूचा.

आता मैत्रीकडे येतो. तिथे पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, संबंध आहे, आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगतो.

मी नववीत होतो. ओट्यावर आम्ही चौघे पोरे. सरांनी नीतिशतकातला दूध आणि पाण्याचा श्लोक घेतला होता. त्याचा आशय असा. पाणी दुधाला भेटले तेव्हा दुधाने आपले सगळे गुण त्याला देऊन टाकले, रंग, चव, भाव. पुढे दूध आगीवर ठेवले गेले. मित्र तापतो आहे हे पाहून पाण्याने आधी स्वतःला जाळून घेतले. मित्र गेला हे दुधाला कळले, आणि तेही आगीत उडी घ्यायला उसळले. वरून पाणी शिंपडले, म्हणजे मित्र परत भेटला, तेव्हा कुठे ते शांत झाले. सज्जनांची मैत्री ही अशी.

सर अन्वय सांगत होते. आतून काकूंनी हाक मारली, "पोरांना इकडे पाठवा." आम्ही स्वयंपाकघरात गेलो. स्टोव्हवर पितळी पातेले. दुधावर साय धरू लागली होती, कडेला बारीक बुडबुडे. काकू म्हणाल्या, "बघा हं." सायीची चादर मधून फुगली, पातेल्याच्या काठापर्यंत आली, आणि काठ ओलांडणार तोच काकूंनी ओंजळीतल्या पाण्याचा हबका मारला. फुस्स करून सगळे खाली बसले. आम्ही सरांकडे बघितले. सरांचा चेहरा असा, की जणू कवी स्वतः घरात येऊन गेला. मी काकूंना विचारले, "म्हणजे हीच मैत्री?" काकू म्हणाल्या, "मैत्री वगैरे काही नाही. ओटा पुसायला लागू नये म्हणून मारते मी पाणी."

तो श्लोक मी पुढे कित्येकदा वाचला, पण मनात राहिला तो त्या संध्याकाळचा. कवीने तो दरबारात रचला असेल किंवा मठात, पण पातेल्याजवळ उभे राहिल्याशिवाय रचलेला नाही. दूध उतू का जाते हे विज्ञानाच्या पुस्तकात दिले आहे. स्निग्धांश आणि प्रथिने यांची साय वर धरते, खाली वाफ कोंडते, ती सायीला उचलते. गार पाणी पडले की वाफ निवते, फेस बसतो. एवढे साधे निरीक्षण, पण त्यात आधी कोण जळाले हे कवीने बघितले. आपण मैत्रीची वचने काढतो तेव्हा उसळणाऱ्या दुधाविषयी बोलतो, कारण ते दिसते. पाण्याची वाफ होताना कोणी पाहत नाही. गवळी ही मैत्री घरी आणण्यापूर्वीच जमवून देतो, तो भाग वेगळा.

मैत्रीचा आणखी एक श्लोक आहे, सावलीचा. दुर्जनाची मैत्री सकाळच्या सावलीसारखी, आधी लांबलचक, मग आखूड होत जाणारी. सज्जनाची दुपारनंतरच्या सावलीसारखी, आधी पायाशी, मग वाढत जाणारी. निवृत्तीनंतर हा श्लोक फार पटतो, कारण तेव्हा सावल्या मोजायला वेळ असतो.

इथे आपल्या म्हणी आठवतात. मैत्रीवर मराठी म्हण काय म्हणते? गरज सरो वैद्य मरो. असतील शिते तर जमतील भुते. प्रेमाबद्दल तर विचारूच नका : आवडीने केला वर, त्याला दिवसा खोकला रात्री ज्वर. मॅनवेअरिंग नावाच्या एका पाद्रीसाहेबाने मराठी म्हणींचा संग्रह करून १८९९ साली ऑक्सफर्डहून छापला. आमच्या म्हणी वाचून तिकडच्या लोकांनी मराठी संसाराविषयी काय कल्पना केली असेल, देव जाणे. पण म्हण आणि सुभाषित यांत एक फरक आहे. म्हण नेहमी कोणीतरी कोणालातरी मारते. सासू सुनेला, जाऊ जावेला, शेजारीण भिंतीपलीकडे. समोरचा माणूस असतोच, म्हणून ती टोचते. सुभाषित हवेत सोडलेले असते, आणि ते कोण ऐकणार हा त्याचा जन्माचा प्रश्न असतो. भर्तृहरीनेच हे दुखणे सांगितले आहे. जाणकार मत्सराने जळताहेत, धनवंत माजात आहेत, उरलेल्यांना कळत नाही, तेव्हा चांगले बोलणे माझ्या अंगातच जिरून गेले, असा त्याचा एक श्लोक आहे. कथाकीर्तनांत तो नम्रतेचा म्हणून सांगतात. मला तो पगारवाढीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलेल्या माणसाचा वाटतो.

असे वाटणारा मी पहिला नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ते माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा फार नेमके वाटले.

कोसंबींचे नाव आपण इतिहासकार म्हणून घेतो, पण ते गणिती. १९०७ साली गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले, आणि मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायचे पुण्यात, डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा. वडील धर्मानंद पालीचे मोठे पंडित. पुढे आपल्याला संस्कृत यायला हवे असे मुलाला वाटले. भाषा शिकायची तर एखादा सोपा ग्रंथ हाती घ्यावा, म्हणून भर्तृहरी घेतला. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले, की टीकाकार ज्याला थोर तत्त्वज्ञान म्हणतात ते आणि समोरची कविता यांचा मेळ बसत नाही. त्यांना त्या कवितेत वैतागलेल्या, पळवाट शोधणाऱ्या माणसाचा सूर ऐकू आला. शिकलेला आहे, बुद्धी आहे, पण पोटासाठी कोणा श्रीमंताच्या दाराशी उभे राहावे लागते. त्या माणसाचे वैराग्य म्हणजे न मिळालेल्या गोष्टींवरचा राग. हे त्यांनी निबंधात मांडले आणि देवभीरू संस्कृतज्ञांचा थरकाप उडाला. भारतविद्येत आपण छपरातून खाली पडलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

पडले ते पडले, पण उठून कामाला लागले. मत मांडून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मुळात हे श्लोक कोणते, हेच आधी ठरले पाहिजे म्हणाले. देशभरातून पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखिते तपासली. कुठल्याच दोन पोथ्यांत श्लोक सारखे नाहीत. नाव 'शतक', पण शंभरावर कोणी थांबलेला नाही. कोणी स्वतःला आवडलेला घातला, कोणी नावडता काढला, कोणी नीतीतला उचलून वैराग्यात टाकला.

हे काम कसे चालते ते प्रुफे तपासणाऱ्याला लगेच कळते. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तर सारखे आले तर काही सिद्ध होत नाही. चूक सारखी आली तर एक दुसऱ्याच्या शेजारी बसला होता. पोथ्यांचेही तसेच. एकच चूक ज्या ज्या पोथीत, त्या सगळ्या एका घराण्याच्या. अशी घराणी लावत लावत उत्तरेकडची, दक्षिणेकडची मांडणी करायची आणि मूळ पुरुषापर्यंत जायचे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने चालली होती, सुकथनकरांनी तिची घडी घालून दिलेली. कोसंबींचा भर्तृहरी १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाला. जैन ग्रंथमाला, आत वैराग्यशतक, आणि अर्पणपत्रिका मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना. असे पुस्तक एखाद्या कंपोझिटरने जुळवले असेल तेव्हा तो क्षणभर थांबला असेल की नाही?

निकाल काय लागला? भर्तृहरीच्या नावावर चढलेले एकूण श्लोक ८५२. त्यांपैकी जवळजवळ सगळीकडे सापडणारे, म्हणून भरवशाचे, २००. पुढचे १५२ शंकास्पद. उरलेले ५०० इकडून तिकडून आलेले उपरे, काही तर एखाद्याच पोथीतले.

मी हे प्रथम वाचले तेव्हा माझी प्रतिक्रिया धंद्याला शोभेल अशी झाली. म्हटले, एवढ्या चुका! सरांची वेगळी झाली. ते म्हणाले, "म्हणजे शेकडो माणसांनी दिव्याच्या उजेडात बसून याला उत्तर दिलं. तो म्हणतो ऐकणारं कोणी नाही, आणि हे उतरवून घेताहेत, वर स्वतःच्या चार ओळी घालताहेत." कोसंबींनी ज्यांना गाळून बाजूला ठेवले, त्या पाचशेंवर सरांचा जीव होता. गाळले हे बरोबरच, त्यावाचून कवी सापडत नाही. पण सापडलेला कवी आणि लोकांनी हजार वर्षे वापरलेला कवी हे दोन वेगळे, आणि दुसऱ्याचीही नोंद कोसंबींच्याच पुस्तकात आहे, कारण त्यांनी त्या पाचशेंना फेकून दिले नाही, क्रमांक देऊन छापले. जुन्या नाण्यांचेही त्यांनी असेच केले होते. हातोहात फिरून नाणे झिजते, वजन घटते. ते वजन काटेकोर मोजून त्यांनी नाण्यांचे आयुष्य काढले. श्लोक मात्र फिरून झिजत नाही, उलट त्याच्या अंगावर पुटे चढतात.

आता पत्रिकेवरचा पहिला शब्द राहिला आहे, प्रेम. तो शेवटी घेतोय, आणि त्यालाही इतिहास आहे.

भर्तृहरी युरोपात पोहोचला तो शाकुंतलाच्या खूप आधी. मद्रासच्या उत्तरेला पुलिकत इथे डचांची वखार होती. तिथल्या अब्राहम रोजेरिउस या धर्मोपदेशकाला पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाने हे श्लोक समजावून दिले. दोघांमधली भाषा पोर्तुगीज. संस्कृत, मग पोर्तुगीज, मग डच, असा प्रवास करून ते १६५१ साली लायडनला छापले गेले. पुढे जर्मन भाषांतरातून हेर्डरसारख्या जर्मन विचारवंताच्या हाती पडले. पण छापली गेली शतके दोनच, नीती आणि वैराग्य. शृंगार नाही. पद्मनाभाला सांगायची लाज वाटली, की पाद्रीसाहेबाला लिहायची, कोण जाणे.

सव्वादोनशे वर्षे पुढे या. १८७४ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी भर्तृहरी संपादित केला. ऐन चोविशीतला माणूस, पुढे हायकोर्टाचा न्यायमूर्ती. उत्तम संपादन. शतके दोन, नीती आणि वैराग्य. त्यानंतर मोरेश्वर रामचंद्र काळ्यांची प्रत आली, महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या जिच्यावर परीक्षा पास झाल्या. शतके दोन. आमच्या ओट्यावरही दोनच. नववीच्या पोरांना नीती समजत नव्हती, वैराग्याशी देणेघेणे नव्हते, आणि ज्यात रस होता ते शतक सरांच्या कपाटात वरच्या फळीवर! न्यायाने एवढेही सांगितले पाहिजे, की निर्णयसागरने काढलेल्या 'सुभाषितरत्नभांडागारा'त शृंगाराला पाने कमी पडलेली नाहीत. जावजी दादाजींच्या छापखान्याला अक्षराच्या शुद्धतेची काळजी होती, वाचणाऱ्याच्या शुद्धतेची त्याने वाचणाऱ्यावरच सोडली.

मी शृंगारशतक वाचले ते लग्नानंतर. अपेक्षा वेगळी होती, निघाले वेगळेच. त्यात अंगाचे वर्णन आहे, ऋतू आहेत, पण मला लक्षात राहिला तो कवीचा अनिश्चितपणा. एका श्लोकात म्हणतो, या जगात सार काय ते हेच. पुढच्यात म्हणतो, हे विष आहे. इत्सिंगच्या गोष्टीतली गाडी या शतकात दर दुसऱ्या पानावर जुंपलेली. प्रेमाविषयी ठाम वाक्ये बोलणाऱ्यांपेक्षा मला हा माणूस जास्त विश्वासाचा वाटतो. इथे कोसंबींशी माझे थोडे जमत नाही. वैताग आहे, कबूल. मालकाच्या दाराशी उभा राहून आलेला कडवटपणा आहे, तोही कबूल. पण सगळे शृंगारश्लोक त्या एका दारातून आत येत नाहीत. कोणीतरी समोर बसलेले असल्याशिवाय काही श्लोक सुचलेलेच नाहीत.

सर गेले त्यानंतर महिन्याभराने काकूंनी मला त्यांची वही दिली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी. उघडल्यावर पहिल्यांदा दिसते ते सुवाच्य देवनागरी, काळी शाई. सरांनी आयुष्यभर आवडते श्लोक उतरवले होते, विषयवार. नीती, विद्या, मैत्री, दैव. प्रत्येकासमोर कोसंबींच्या आवृत्तीतला क्रमांक. मैत्रीच्या पानावर कोपऱ्यात दुधाचा डाग आहे, तो श्लोकामुळे की हाताच्या धसमुसळेपणामुळे, ते सांगता येत नाही. मागच्या बाजूने वही उलटी करून लिहायला सुरुवात केलेली. तिथे शृंगार. म्हणजे वर्गात वही नेली तरी पोरांच्या हाताला ती पाने लागू नयेत.

शृंगारात अकरा श्लोक. दहांसमोर क्रमांक. अकराव्यासमोर 'भर्तृहरि' एवढेच, क्रमांक नाही. माझ्यातला प्रूफवाला जागा झाला. मी कोसंबींची प्रत आणली, श्लोकांची अकारादी सूची लावली. नाही. शंकास्पदांत पाहिला, नाही. पाचशे उपऱ्यांत पाहिला. वाटले, एखाद्याच पोथीतला असेल. तिथेही नाही. 'सुभाषितरत्नभांडागारा'त चार दिवस घालवले. नाही. शेवटी श्लोकच नीट वाचला. त्याचा विषय सांगत नाही, तेवढी परवानगी मला मिळालेली नाही. त्यात एक स्वयंपाकघर आहे एवढे सांगतो. वाचताना तिसऱ्या चरणात अडखळलो. बोटांवर अक्षरे मोजली, पुन्हा मोजली.

मग काकूंना फोन केला. कसे विचारावे कळेना. म्हटले, "काकू, सरांच्या वहीत शेवटच्या पानावर एक श्लोक आहे. भर्तृहरीचा म्हणून लिहिलाय, पण मला तो कुठल्याच पोथीत सापडत नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली.

काकू म्हणाल्या, "तिसऱ्या चरणात एक अक्षर कमी पडतंय, तोच ना? मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना. ऐकलं नाही."